कुणाला उसनी न जाणारी बंदूक

आमच्या घरातून उसनी गेलेली वस्तू परत येत नसे, आणि ती बहुतेक वेळा एकाच घरी गेलेली असे. ते घर इंग्लंडात, आमच्या गावाशेजारच्या रीडिंग शहरात होतं आणि सबनीस काकांचं होतं. सबनीस काका बाबांच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातले, मूळचे पुण्याचे, माणूस म्हणून लाखात एक. रात्री-अपरात्री फोन केला तर गाडी काढून येतील, पण येताना रिकाम्या हाताने येतील आणि जाताना आमची शिडी घेऊन जातील. शिडी गेली, इडलीपात्र गेलं, गाडीच्या टपावर लावायची सामानाची पेटी गेली, गवत कापायचं यंत्र गेलं. 'दोन दिवसांत आणून देतो, वहिनी' असं ते प्रत्येक वेळी अगदी मनापासून म्हणत. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी आईने विषय काढलाच, तर 'हो हो, आहे की माझ्याकडे, काळजीच करू नका' असं सांगून उलट तिलाच धीर देत. बाबांना या सगळ्याची मौज वाटे. आईला वाटत नसे. चार इडल्या करायच्या तर आपलंच पात्र मागायला रीडिंगला जायचं, हे तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिचं तत्त्व साधं होतं: कुणाचं घ्यायचं नाही आणि कुणाला द्यायचं नाही. पहिला भाग ती कसोशीने पाळी. दुसरा भाग सबनीस काका तिला पाळू देत नसत.

आई भूलतज्ज्ञ होती. नागपूरची, बुटकी, आवाज खणखणीत. तिच्या कामाची गंमत अशी की जी माणसं तिला भेटत, ती दोन वाक्यं बोलून झोपी जात आणि जागी झाल्यावर तिला ओळखत नसत. गावात येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती, पण गावाने तिला एकाच कामासाठी ओळखलं होतं, ते म्हणजे शाळेच्या जत्रेत समोसे तळून आणणं. दर उन्हाळ्यात ती त्या टेबलामागे उभी राही, लोक समोसे घेत, 'लव्हली' म्हणत आणि पुढे केकच्या टेबलापाशी जाऊन तासभर गप्पा मारत. मी सोळा वर्षांची होते, आणि त्या वयात आईची लाज वाटण्याची माझ्याकडे भरपूर कारणं होती; पण त्या टेबलामागे तिला एकटीला उभं बघून मला लाज नाही, राग यायचा. कुणाचा, ते तेव्हा नीट कळत नव्हतं. आता माझेच केस पांढरे व्हायला लागले आहेत तरी तो राग पुरता गेलेला नाही.

तर अशी ही बाई जानेवारीतल्या एका शनिवारी हॉस्पिटलच्या मदतनिधीसाठी भरवलेल्या नेमबाजीला गेली. यंत्रातून मातीच्या तबकड्या आकाशात भिरकावतात आणि त्या बंदुकीने फोडायच्या असतात. बाबांनी तीनदा बंदूक झाडली आणि तिन्ही तबकड्या सुखरूप जमिनीवर उतरल्या. मग आईने बंदूक घेतली. लहानपणी नागपुरात तिने शेजारच्या वाड्यातल्या कैऱ्या गलोलीने पाडल्या होत्या, हे आम्हाला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. तिने समोर आलेली प्रत्येक तबकडी फोडली. घरी आली तेव्हा तिथल्या बारा बोअरच्या जाड बंदुकीच्या दणक्यांनी खांदा वांग्यासारखा जांभळा झाला होता. त्यावर रक्तचंदनाचा लेप लावून ती सोफ्यावर बसली आणि स्वतःशीच हसत राहिली.

ते मैदान मिसेस ऑल्डरिज यांचं होतं. या बाई गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, उंच, नाकावर चष्मा, आणि समोरचा कितीही मोठा असो, त्याच्याशी प्रार्थनेला उशिरा आलेल्या मुलाशी बोलावं तसं बोलत. हिवाळ्यात त्यांच्या शेतावर आठ जणांचा एक गट फेझंटची शिकार करी. फेझंट म्हणजे लांब शेपटीचा, कोंबडीच्या नात्यातला पक्षी. त्यांनी आईला सांगितलं, 'पुढच्या हिवाळ्यात आमचा एक माणूस स्पेनला कायमचा राहायला चालला आहे. जागा रिकामी होईल. तुमची स्वतःची बंदूक घ्या, सराव करा, पुढच्या जानेवारीत पाहुणी म्हणून या, मग बघू.' आणि घरी न्यायला दोन फेझंट दिले. ते आठवडाभर गॅरेजमध्ये टांगून ठेवा म्हणजे चव येते, असंही बजावलं. आईने 'हो' म्हटलं आणि त्याच संध्याकाळी ते सोलून त्यांचा वऱ्हाडी रस्सा केला. मेलेला पक्षी आठवडाभर टांगून ठेवायला आपण काय खाटीक आहोत का, असं तिचं म्हणणं. बाबा पिसं काढत होते आणि ती नंतर दिवाळीपर्यंत घरात सापडत राहिली.

पण मुद्दा रश्शाचा नाही. मुद्दा हा की त्या दिवसापासून आईला ती जागा हवी होती. तिने ते बोलूनही दाखवलं, जे ती सहसा करत नसे. भाकरी थापता थापता म्हणाली, 'इतक्या वर्षांत मला या गावात कुणी काही बनवून न आणता ये म्हणालं, ते पहिल्यांदा.' त्या क्षणापासून मलाही ती जागा हवी झाली.

बंदूक घ्यायला आम्ही तिघंही गेलो. परवान्याचे सोपस्कार त्याआधी झाले होते. बंदूक ठेवायचं कुलपाचं कपाट बघायला आलेल्या पोलिसाला आईने पोहे खायला घातले आणि तो दोन वेळा मागून खाऊन गेला. बाबांनी आठवडाभर इंटरनेटवर सगळं वाचून काढलं होतं आणि ते वाटेत आम्हाला शिकवत होते. यात आकडा वाढला की नळी बारीक होते, म्हणजे वीस बोअर ही बारापेक्षा लहान, आणि हे असं का, हे त्यांनी मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा स्वतःच मध्ये अडकले. त्यांचं मत पक्कं होतं: बारा घ्यायची. 'स्टँडर्ड आहे. सगळे वापरतात. स्टँडर्ड सोडून गेलं की पुढे सपोर्ट मिळत नाही,' ते म्हणाले.

दुकानदार लोकरी जाकिटातले एक सौम्य गृहस्थ होते. त्यांनी आईची उंची बघितली, खांद्याची हकिगत ऐकली आणि अदबीने वीस बोअर पुढे केली. 'लेडीजना ही फार आवडते,' ते म्हणाले. आईने ती खाली ठेवली, एवढ्या सावकाश की मला पुढचं दिसलंच. मग तिची नजर मागच्या रांगेतल्या एका जुन्या, सडपातळ बंदुकीवर गेली. ती काय आहे म्हणून तिने विचारलं.

'ती सोळा बोअर, मॅडम. बंदूक सुरेख आहे, हलकी आहे, दणका कमी. पण इथे आता ती फारशी कुणी वापरत नाही. काडतुसं मुद्दाम मागवावी लागतात. उद्या मैदानावर तुमची संपली, तर बाजूच्याकडून घेता येणार नाहीत. आणि बाजूच्याची संपली, तर त्याला तुमची चालणार नाहीत.'

आई थांबली. 'ते शेवटचं परत सांगा,' ती म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं.

'म्हणजे कुणीच माझ्याकडून उसनी नेऊ शकत नाही?'

'दुर्दैवाने नाही, मॅडम.'

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. आईने बंदूक उचलून खांद्याला लावली आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं जे मी तिच्या चेहऱ्यावर लेकीच्या कुठल्याही परीक्षेच्या निकालानंतर पाहिलेलं नाही. लोक बंदूक नळी बघून घेतात, लाकूड बघून घेतात, तोल बघून घेतात. आईने सबनीस काकांना बघून घेतली.

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा व्हायची, पण तोवर शस्त्रांच्या नावाने बाबांचा लॅपटॉप, आईचा स्टेथोस्कोप आणि माझा कॅल्क्युलेटर एवढंच पाटावर असे. त्या वर्षी पाटावर खरीखुरी बंदूक होती. आईने तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्यालाही ती उचलायच्या आधी सगळ्यांना दाखवली. सगळे म्हणजे अर्थात सबनीस काका. ते आपट्याऐवजी बागेच्या कुंपणाची पानं 'सोनं' म्हणून घेऊन आले होते. बंदूक बघून ते पाटासमोर मांडी घालूनच बसले.

'वहिनी, काय चीज आणलीय हो. बारा ना?'

'सोळा,' आई म्हणाली. 'काडतुसं कुणाकडे मिळत नाहीत. ज्याची त्याने आणायची.'

काका पाटासमोरून उठले. श्रीखंडही त्यांनी एकदाच घेतलं. मला वाटलं, हिरमुसले. तेव्हा मला माणसं एवढीच कळत होती.

पुढच्या आठवड्यापासून सबनीस काकांनाही शिकारीचा नाद लागला. त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला, आईबरोबर सरावाच्या मैदानावर येऊ लागले, भाड्याच्या बंदुकीने तबकड्यांच्या आसपासची हवा फोडू लागले, आणि एका शनिवारी मिसेस ऑल्डरिज यांचा बंद पडलेला कम्प्युटर चालू करून देऊन त्यांनी स्वतःसाठीही जानेवारीचं आमंत्रण मिळवलं. म्हणजे जागा एक आणि पाहुणे दोन. त्या आठवड्यात आईच्या लाटण्याखाली आमच्या पोळ्या फार पातळ लाटल्या जात होत्या.

आता आमच्या स्वयंपाकघराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसे. व्हॅनिलाचे ते दोन लिटरचे पांढरे डबे धुऊन पुसून त्यांत डाळी, सांडगे, पापड, चकल्या असं काहीही ठेवलेलं असे. काडतुसांची पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात म्हणून आईने तीही अशाच एका डब्यात ओतली होती. शिकारीच्या आदल्या दिवशी तिने गटातल्या लोकांसाठी बाकरवडी केली, कारण रिकाम्या हाताने जाणं तिला जमत नाही, आणि ती दोन डब्यांत भरली. एक त्यांच्यासाठी, एक सबनीसांच्या घरासाठी, त्यांनी फर्माईश केली होती म्हणून. सकाळी निघताना ती बाबांना म्हणाली, 'अहो, टेबलावरचे आइस्क्रीमचे डबे गाडीत ठेवा.' टेबलावर तीन होते. एक खाऊचा आणि एक काडतुसांचा असं धरून बाबांनी दोन उचलले. हलवून बघितले, दोन्ही खडखडले, त्यांचं समाधान झालं. बाकरवडी आणि काडतूस यांची लांबी-जाडी आणि खडखड यांत किती साम्य आहे, हे इंटरनेटवर कुणी लिहिलेलं नव्हतं.

बाबांनी आम्हाला शेतावर सोडलं आणि ते महिन्याचं सामान आणायला वेम्बलीच्या देशी दुकानांकडे निघून गेले. त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती. धुकं एवढं होतं की समोरच्या रानाची नुसती कड दिसत होती. बंदूकधाऱ्यांनी कुठे उभं राहायचं, त्यासाठी शेतात ओळीने आकडे लिहिलेल्या काठ्या रोवलेल्या असतात आणि पलीकडून हाकारे रान झोडपत पक्षी उठवत आणतात. आईला चारचा आकडा मिळाला, सबनीस काकांना पाचचा. मी आईच्या मागे एका घडीच्या स्टुलावर डबे घेऊन बसले. शेजारी कुणाचा तरी काळा लॅब्रडॉर येऊन बसला आणि डब्याकडे एकटक बघू लागला. तिथेच मला शंका यायला हवी होती.

इतक्यात सबनीस काका पाचवरून लगबगीने आले. अंगात नवी करकरीत ट्वीडची टोपी-जाकीट, खांद्याला बंदुकीची पिशवी.

'वहिनी, शिट्टी व्हायच्या आत दोन मुठी काडतुसं द्या बरं.'

'तुम्हाला माझी चालणार नाहीत,' आई म्हणाली, आणि हे वाक्य म्हणायला तिने किती महिने वाट बघितली होती ते मला माहीत होतं. 'माझी सोळाची आहेत.'

काकांनी पिशवीची चेन उघडली आणि लाजत लाजत बंदूक बाहेर काढली. 'माझीही सोळाच आहे. दसऱ्याला तुम्ही म्हणालात ना, काडतुसं कुठे मिळत नाहीत. म्हटलं, वहिनींकडे आहेत म्हणजे आपल्याला काय चिंता. एकही आणलं नाही मी.'

आईने डोळे मिटले. उघडले. माझ्याकडे हात केला. मी डबा दिला. तिने झाकण काढलं आणि आम्ही तिघं आणि तो लॅब्रडॉर आत बघत उभे राहिलो. वर खसखस छान भाजली गेली होती. मी दुसरा डबा उघडला. त्यातही तेच.

'घरी राहिला,' आई एवढंच म्हणाली.

'मग आता?' काका म्हणाले.

शिट्टी झाली.

शिट्टी झाल्यावर जागा सोडायची नाही, असा कडक नियम होता आणि मिसेस ऑल्डरिज ओळीच्या मागे काठी घेऊन फेऱ्या घालत होत्या. काका धावत पाचवर गेले. धुक्यामुळे पक्षी उंच उडालेच नाहीत. डोक्यावरून जेमतेम एखाद्या घराच्या उंचीवरून फडफडत येऊ लागले, आणि ओळीतले बाकीचे सगळे धडाधड बार काढू लागले. सबनीस काकांनी मात्र काय केलं, तर रिकामी बंदूक खांद्याला लावायची, पक्ष्याबरोबर ऐटीत वळवायची, आणि शेवटच्या क्षणी मान हलवून खाली घ्यायची. प्रत्येक पक्ष्याला. तोंडाने 'नाही, नाही' असंही म्हणत होते. आईला हे नाटक जमणं शक्यच नव्हतं. तिने बंदूक उघडून कोपरावर टाकली, रिकाम्या नळ्या सगळ्यांना दिसतील अशी, आणि बसची वाट बघावी तशी उभी राहिली. फेझंट तिच्या डोक्यावरून जात राहिले. एकदा मिसेस ऑल्डरिज आमच्या मागे येऊन बराच वेळ थांबल्या. आईची मान ताठ होती पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला रडू येत होतं. ती जागा गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यातलं समोशांचं टेबलही दिसत होतं. लॅब्रडॉरला मी एक बाकरवडी दिली. तो शिंकला आणि दुसरी मागू लागला.

पहिल्या हाकाऱ्यानंतर सगळे गोठ्याजवळ सूप प्यायला जमले. मिसेस ऑल्डरिज यांनी काठीने जमिनीवर टकटक केलं.

'मला लाज वाटते,' त्या म्हणाल्या. 'पक्षी टोपीच्या उंचीवरून चालले होते. इतके खालचे, सोपे पक्षी सोडून द्यायचे असतात, हे तुम्हाला मी इतकी वर्षं सांगते आहे. आज ते फक्त दोघांना कळलं, आणि दोघंही पाहुणे. मिस्टर सबनीस यांनी प्रत्येक पक्षी पारखला आणि सोडला. आणि डॉक्टरांनी,' इथे त्यांचा आवाज जरा खाली आला, 'डॉक्टरांनी तर बंदूक मिटण्याचीही तसदी घेतली नाही.'

ट्वीडमधली मोठमोठी माणसं माना खाली घालून सूप पिऊ लागली. सबनीस काकांनी टोपी काढली. 'आमच्याकडे अहिंसेला फार महत्त्व आहे,' ते नम्रपणे म्हणाले, हातात बंदूक धरून.

मला वाटलं, संपलं, मिळाली. मी आईकडे बघितलं आणि ओळखलं की हे टिकायचं नाही, कारण नागपूरच्या माणसाला खोटी स्तुती पचत नाही, आणि तिला तर मुळीच नाही. तिने डबा उघडला आणि मिसेस ऑल्डरिज यांच्यापुढे धरला.

'मी काडतुसांऐवजी चुकून हे आणलं,' ती म्हणाली. 'असती तर मीही झाडली असती. घ्या. तिखट आहे.'

मिसेस ऑल्डरिज यांनी चष्म्यावरून डब्यात बघितलं, एक बाकरवडी उचलली, कुरकुर आवाज करत सावकाश पूर्ण खाल्ली. 'आणि मिस्टर सबनीस?' त्यांनी विचारलं.

काकांचा चेहरा पांढरा पडला. आईने त्यांच्याकडे बघितलं. एका वाक्यात तिला शिडीपासून सगळ्याचा हिशेब चुकता करता आला असता, आणि एकुलती एक जागाही कदाचित तिचीच झाली असती. मी मनातल्या मनात 'सांग, सांग' म्हणत होते.

'त्यांचीही माझ्याच डब्यात होती,' आई म्हणाली.

हे खरंही होतं, हेच मला आजही आवडतं. मिसेस ऑल्डरिज यांनी दुसरी बाकरवडी घेतली आणि मग त्या हसल्या. मुख्याध्यापिका हसली म्हटल्यावर सगळेच हसले, डबा हातोहात फिरला, आणि एक लालबुंद चेहऱ्याचा शेतकरी आईच्या शेजारी गवताच्या गठ्ठ्यावर बसून तिला विचारत राहिला की आत नक्की काय काय घातलंय, आणि त्यानंतर तुम्ही कुठल्या, आणि त्यानंतर भूल देताना माणूस काय बडबडतो. ती उत्तरं देत होती, मोठमोठ्याने, हात हलवत. कुणीही उठून केकच्या टेबलाकडे गेलं नाही. त्या गोठ्यापाशी माझी आई मला पहिल्यांदा या गावातली दिसली, आणि मी फार सुखी झाले.

निघताना मिसेस ऑल्डरिज यांनी निकाल सांगितला. अशा गटांत अर्धी जागा घेण्याची पद्धत असते; दोघांनी मिळून एक जागा घ्यायची आणि एका शनिवारी एकाने, पुढच्या शनिवारी दुसऱ्याने यायचं. 'तुमचा डबा एकच आहे,' त्या दोघांना म्हणाल्या, 'तर जागाही एकच घ्या.'

बाबा वेम्बलीहून आले, गाडीत मेथी आणि कोथिंबिरीचा वास, मागच्या सीटवर तांदळाचं पोतं, मी आणि सबनीस काका. काकांना रीडिंगला सोडायचं होतं. ते पोत्यावर हात ठेवून पुढे झुकले. मग म्हणाले, 'वहिनी, आज तुम्ही सांभाळून घेतलंत. विसरणार नाही. पण एक सुचतंय. आपण दोघं एकाच दिवशी तर कधी जाणार नाही. आणि दोन्ही बंदुका सोळाच्याच. मग दोन कशाला ठेवायच्या? मी माझी विकून टाकतो. माझ्या शनिवारी तुमची नेत जाईन. दोन दिवसांत आणून देईन.'

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. आई समोर रस्त्याकडे बघत होती. एक मोठा चौक गेला, दुसरा गेला.

'बरोबर आहे तुमचं,' ती म्हणाली. 'दोन कशाला? मीच माझी विकते. तुमची मी नेत जाईन.'

सबनीस काकांनी पोत्यावरचा हात काढून घेतला. आईने तिची बंदूक खरंच विकली. त्यांची नेली, पुढे रीतसर तिच्या परवान्यावरही चढवून घेतली, आणि अजूनही काका कधी चहाला आले आणि चाचरत विषय काढू लागले, की आई त्यांना म्हणते, 'हो हो, आहे की माझ्याकडे.'